पिकअपची चॅसी (गाडीचा खालचा सांगाडा) गंजून भोक पडलं तर कंपनी जबाबदार का?
हो, माझ्या मते कंपनीच, अमेरिकेत टोयोटाच्या टकोमा पिकअपचं बघा ना. 1995 ते 2000 च्या गाड्यांच्या चॅसी गंजायला लागल्या कारण गंजरोधक कोटिंगच कमी पडलं, त्यात तिकडे बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, त्याने गंज लवकर चढतो. 2008 मध्ये कंपनीने गंजाची वॉरंटी 15 वर्षं केली आणि फार गंजलेल्या गाड्या बाजारभावाच्या दीडपट देऊन परत घेतल्या. पुढे 2005 ते 2010 च्या टकोमावरही केस झाली, 2016 ला तडजोड, भोक पडलेली चॅसी फुकट बदलून द्यायची. मिठाला कशाला दोष देता, रस्त्यावर मीठ असतं हे कंपनीला माहीत नसतं का? वरची बॉडी चकचकीत दिसते हो, म्हणून जुनी घेताना खाली वाकून मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांजवळ हातोडीने ठोकून बघाच.