नकाशात पाणी चढावर जात असेल तर आधी विहिरी बघा

तुमचा प्रश्न वाचला. बेसाल्टातल्या (काळ्या कातळातल्या) एका छोट्या पाणलोटाचा भूजल समपातळी नकाशा, म्हणजे विहिरींतल्या पाण्याची सारखी उंची जोडणाऱ्या रेषांचा नकाशा, काढलाय आणि त्यात पाणी नाल्याकडून डोंगराकडे जाताना दिसतंय, सॉफ्टवेअर बदलूनही तेच. हे दुखणं मी भोगलंय, म्हणून जरा लांब लिहितो. सॉफ्टवेअरचा नाद सोडा, दोष तिथे नाही.

दख्खनचा बेसाल्ट म्हणजे लाव्हाचे थरावर थर, हे तुम्हाला सांगायला नको. पण नकाशा काढताना नेमकं तेच निसटतं. वरच्या उतारावरची विहीर मुरुमात किंवा मांजऱ्या (बारीक पोकळ्यांच्या) खडकात संपते. तिचं पाणी खालच्या गेरूच्या, म्हणजे दोन लाव्हा थरांमधल्या लाल मातकट थरावर अडलेलं असतं. नाल्याकाठची बोअर आणखी खालच्या थरात जाते. तिथलं पाणी दाबाखाली असेल तर ते बोअरमध्ये शेजारच्या विहिरीच्या पातळीपेक्षाही वर चढतं. हे दोन वेगळे जलधर (पाणी धरणारे थर) आहेत. त्यांच्या पातळ्या जोडून रेषा ओढल्या की असला उलटा उतार निघणारच. माझं ठाम मत आहे की विहिरी आणि बोअर एका नकाशात मिसळूच नयेत, आणि विहिरींचेही थर बघूनच गट करावेत. मे महिन्यात पाणी तळाला गेलं की विहिरीच्या भिंतीत थर उघडे दिसतात. तेव्हा टेप सोडून कुठला खडक किती खोलीपर्यंत आहे ते लिहून घ्या.

मला सगळ्यात महागात पडलं ते मात्र खडकापायी नाही. एका कार्यालयाकडून (नाव घेत नाही) निरीक्षण विहिरींच्या बऱ्याच वर्षांच्या नोंदी घेतल्या होत्या. एका विहिरीची पातळी मध्येच एका वर्षी चांगलीच वर आलेली आणि पुढे तशीच राहिलेली. वरच्या अंगाला बंधारा झाला होता, त्यामुळे सगळ्यांनाच हा पुनर्भरणाचा (बंधाऱ्याचं पाणी जमिनीत मुरल्याचा) पुरावा वाटला. प्रत्यक्ष गावात गेल्यावर कळलं की मूळ विहीर कधीच बुजली होती आणि तिच्याऐवजी ओढ्याजवळची दुसरी धरली होती. क्रमांक मात्र जुनाच! चौकशी केली तर उत्तर एकच, "आमच्याकडे क्रमांक तोच आहे." लेखी द्या म्हटलं की या टेबलावरून त्या टेबलावर. विहिरी आटतात, बुजतात, बदलाव्या लागतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण बदल केल्याची एक ओळ रजिस्टरात लिहायला काय लागतं? त्या एका ओळीअभावी आमच्या अहवालातलं अख्खं प्रकरण पुन्हा लिहावं लागलं, आणि आजही त्या नोंदी कुणीतरी तशाच वापरत असेल याचा मला राग येतो.

म्हणून नोंदी मागतानाच लेखी विचारा: विहीर कधी बदलली, आणि खोली जमिनीपासून मोजली की कठड्यापासून. उत्तर नाहीच आलं तर माहितीचा अधिकार कायदा, २००५ आहेच. कठड्याची गोष्ट किरकोळ समजू नका. बेसाल्टाची विशिष्ट जलदेयता, म्हणजे पातळी उतरली की खडकाच्या आकारमानाच्या किती टक्के पाणी सुटतं ते, साधारण १ ते ३ टक्के. २ टक्के धरली तर १ मीटर पातळीमागे दर हेक्टरी २०० घनमीटर पाणी. पावसाळ्याआधीचा वेध जमिनीपासून आणि नंतरचा मीटरभर उंच कठड्यापासून घेतला, तर १,००० हेक्टरच्या पाणलोटात २ लाख घनमीटरची चूक फक्त त्या दगडी कठड्यामुळे होते. आणि फोनच्या जीपीएसवरची समुद्रसपाटीपासूनची उंची तर अजिबात वापरू नका. लेव्हलिंग (उपकरणाने उंचीची मोजणी) करून घ्या, खर्च झाला तरी चालेल.

तुम्ही शेवटी पाण्याच्या ताळेबंदाचंही विचारलंय. जानेवारीत नाल्याला जे पाणी वाहतं ते बहुतेक भूजलच असतं. ते भूजलातही धरायचं आणि नाल्याच्या पाण्यातही, असं दुहेरी मोजणं मी भल्याभल्या अहवालांत पाहिलंय. पाऊस थांबल्यावर नाल्यावर व्ही-नॉच (व्ही आकाराची खाच असलेली आडवी फळी) बसवून दर पंधरवड्याला प्रवाह मोजा. माझ्या मते चार जादा विहिरी मोजण्यापेक्षा याचा उपयोग जास्त.

हे सगळं बेसाल्टापुरतं हं. तापी-पूर्णेच्या गाळात किंवा पूर्व विदर्भातल्या ग्रॅनाइट-नाइसमध्ये यातलं सगळं लागू होईल असं मी म्हणणार नाही, तिथे काम केलेल्यांनी लिहावं. तुमच्या पाणलोटात डाइक (थरांना छेदून गेलेली खडकाची उभी भिंत) आहे का, तेही एकदा तपासा. असला तर त्याच्या दोन्ही बाजूंच्या पातळ्या वेगळ्या ठेवा. विहिरींची यादी खोली आणि खडकासह इथे टाकलीत तर गट पाडायला मी मदत करीन.