आधी मोठ्यांचे फोन

प्रिय बाळा,

तुझं पत्र मिळालं. सोबतचा तक्ताही नीट पाहिला. टॅब-टीव्हीशिवाय काढायची आठ आठवड्यांची सुट्टी आणि रोजचा एकेक तास आखलेला: सकाळी वाचन, मग चित्रकला, दुपारी बैठे खेळ, संध्याकाळी मैदान. धाकट्या भावासाठी किती जीव ओतला आहेस ते कळतं. पण त्या तक्त्यात एकट्या त्याचंच नाव आहे. आई-बाबांचा रकाना नाही, तुझाही नाही. तू सल्ला मागितलास म्हणून सांगते, त्याच्या हातातला टॅब काढून घेण्याआधी घरातल्या मोठ्यांचे फोन खाली ठेवले गेले पाहिजेत. ते जमणार नसेल तर या उन्हाळ्यात हा प्रयोग करूच नका.

हे मी ऐकीव सांगत नाही. मुलगा अकरा वर्षांचा आणि मुलगी आठ वर्षांची असताना आम्हीही हेच केलं होतं. टीव्हीवर चादर टाकली, टॅब कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवला, दाराजवळच्या टेबलावर एक पत्र्याचा डबा ठेवला. बाहेरून आलं की फोन डब्यात. वाजला तर तिथेच उभं राहून बोलायचं आणि परत ठेवायचा. पहिल्या दिवशी मुलं इतकी उत्साहात होती की कप्प्यापर्यंत हात पोचावा म्हणून स्टूलही त्यांनीच ओढत आणलं.

चौथ्या रात्री मी स्वयंपाकघराच्या दाराआड, अंधारात उभी राहून फोन बघत होते. कुणाचा मेसेज नव्हता, काही काम नव्हतं. कुणा अनोळखी बाईचे कपाट आवरण्याचे व्हिडिओ एकामागून एक पुढे सरकवत होते. मुलगी पाणी प्यायला उठली होती. माझ्या तोंडावर पडलेला उजेड तिने पाहिला आणि विचारलं, "आई, काम आहे का गं?" मी म्हटलं, "हो." दुसऱ्या दिवशी दुपारी ती माझ्याजवळ आली आणि अगदी माझ्याच सुरात म्हणाली, "मला टॅब हवाय. काम आहे." तिच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता. आमच्या घरातला खरा नियम काय आहे, तेवढं ती शिकली होती. त्या संध्याकाळी मी दोघांना समोर बसवून खरं काय ते सांगितलं. फार जड गेलं मला ते. आमचा प्रयोग सुरू झाला तो त्या संध्याकाळी, असंच मी आजही धरते.

त्यातून एक नियम निघाला आणि तोच सगळ्यांत जास्त उपयोगी पडला. फोन हातात घेतला की कशासाठी घेतला ते मोठ्याने सांगायचं. "वीजबिल भरते आहे, पाच मिनिटं." "डॉक्टरांची वेळ घेतो." सांगता येत नसेल तर फोन परत डब्यात. पहिल्या आठवड्यात कितीदा तरी माझा हात डब्याकडे गेला आणि सांगायला काहीच नव्हतं. तुझ्या बाबांना हे जाचक वाटेल. त्यांच्याशी वाद घालू नकोस. तू स्वतः मोठ्याने सांगायला लाग, ते ऐकतीलच.

पत्रात तू भावाला दोनदा ‘व्यसनी’ म्हटलं आहेस. हा शब्द घरात वापरू नकोस. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात ‘गेमिंग डिसऑर्डर’ आहे खरा, पण त्यासाठी खेळण्यावरचा ताबा सुटणं, बाकी सगळं आयुष्य मागे पडणं आणि हे साधारण १२ महिने चालू असणं असे निकष आहेत, आणि निदान डॉक्टरांनी करायचं असतं. संध्याकाळी दोन तास खेळणाऱ्या मुलावर आपण ते शिक्के मारायचे नाहीत. शिवाय ती वस्तू कशी बनवली आहे तेही बघ. पुस्तकाचं पान संपतं, प्रकरण संपतं, आणि तिथे माणूस मान वर करतो. स्क्रीनवर खाली खाली सरकत राहणारी, कधीच न संपणारी यादी अझा रास्किन या डिझायनरने २००६ साली तयार केली, आणि तिच्या परिणामांबद्दल पुढे त्यानेच जाहीरपणे खंत व्यक्त केली. त्यात भर म्हणजे पुढच्या वेळी काय दिसेल ते ठाऊक नसतं. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांतली कबुतरं, दाणा कधी मिळेल याचा नेम नसला की, चोच मारत राहायची थांबतच नसत. माझा त्या रात्रीचा अंगठा आणि ती चोच यांत मला फारसा फरक दिसत नाही. तुझा भाऊ जेमतेम दहा वर्षांचा आहे.

आता कंटाळ्याबद्दल. तुझा तक्ता मला नको वाटतो तो याच कारणासाठी.

पहिले दहा दिवस फार वाईट जातात. माझा मुलगा दुपारभर जमिनीवर उताणा पडून असायचा. फरश्या मोजून झाल्या, मग पंख्याच्या किती फेऱ्या होतात ते मोजायचा प्रयत्न झाला. "आई, काय करू?" हा प्रश्न दिवसातून वीसदा यायचा आणि दरवेळी माझ्या जिभेवर काहीतरी सुचवण्यासारखं यायचं. मी ते गिळत होते. सोपं नव्हतं ते. मूल कंटाळलेलं बघवत नाही, आपण कुठेतरी कमी पडतोय असं वाटतं, आणि मग टॅब नाही तर क्लास, क्लास नाही तर तक्ता.

मोठ्यांनाही हे सोसत नाही. २०१४ साली ‘सायन्स’ या संशोधनपत्रिकेत मानसशास्त्रज्ञ टिमोथी विल्सन आणि सहकाऱ्यांचा एक प्रयोग छापून आला होता. माणसांना रिकाम्या खोलीत १५ मिनिटं नुसतं बसायला सांगितलं. सोबत फक्त एक बटण, दाबलं की विजेचा झटका बसणारं. हा झटका टाळायला आपण पैसे मोजू, असं त्या सगळ्यांनी आधी सांगितलं होतं. तरी १८ पुरुषांपैकी १२ जणांनी आणि २४ बायकांपैकी ६ जणींनी ते बटण दाबलं. तेव्हा दहा वर्षांच्या मुलाने तिसऱ्या दिवशी रडून गोंधळ घातला तर त्याचं काही चुकलं असं समजू नकोस.

नवव्या दिवशी मुलाने माळ्यावरचं एक बंद पडलेलं गजराचं घड्याळ खाली काढलं. वर्तमानपत्र पसरून त्याने पाठीमागचे चार स्क्रू काढले आणि ज्या क्रमाने काढले त्याच क्रमाने ओळीत मांडले. प्रत्येकाशेजारी पेन्सिलने आकडा. मग दातेरी चाकं, मग केसाएवढी बारीक स्प्रिंग. ती सुटून उडाली तेव्हा दोघं भावंडं पोटावर पडून बॅटरीच्या उजेडात पलंगाखाली अर्धा तास शोधत होती. दुपारी तीनला बसलेला मुलगा दिवे लागेपर्यंत उठला नाही. घड्याळ पुन्हा कधीच चाललं नाही. ‘दुपारी ३ ते ४ : घड्याळ उघडणे’ असं मी तक्त्यात लिहिलं असतं तर त्याने पाव तासात स्क्रू ड्रायव्हर टाकून दिला असता, याची मला खात्री आहे.

म्हणून तक्ता फाडू नकोस, पण निम्म्याहून जास्त चौकोन कोरे ठेव. हाताशी वस्तू असू देत: कात्री, दोरा, पुठ्ठे, जुनी यंत्रं, पुस्तकं. बाकी त्याचं तो बघेल.

तू विचारलं होतंस, याने खरंच काही बदलतं का? २०१४ सालीच कॅलिफोर्नियातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सहावीतली ५१ मुलं पाच दिवस स्क्रीनशिवाय शिबिरात राहिली. नंतर चेहऱ्यावरचे भाव ओळखण्यात ती, नेहमीसारखं घरी राहिलेल्या ५४ मुलांपेक्षा जास्त सुधारलेली दिसली. अभ्यास छोटा आहे. आणि ती मुलं पाचही दिवस एकमेकांच्या सोबतीत होती, हेही विसरून चालणार नाही. मला तर वाटतं खरं औषध ती सोबतच असावी. आमच्याकडे चौथ्या आठवड्यात हे कामावरून येऊन खुर्चीत बसले आणि मुलीने विचारलं, "बाबा, आज काही झालं का?" झालं होतं. मलाही ते दिसलं नव्हतं.

काही व्यवहाराच्या गोष्टी. एक साधं गजराचं घड्याळ घ्या, नाहीतर गजराच्या निमित्ताने फोन उशाशी येतोच. सगळे चार्जर बाहेरच्या खोलीत. सकाळ-संध्याकाळ त्याला उजेडात, मोकळ्यावर जाऊ द्या. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीतल्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटं जास्त बाहेर ठेवलं, तेव्हा तीन वर्षांत लांबचं धूसर दिसण्याचा दोष (मायोपिया) जडण्याचं प्रमाण ३९.५ टक्क्यांऐवजी ३०.४ टक्के राहिलं. आजीशी व्हिडिओ कॉल बंद करू नका. आणि सवलती आधीच कागदावर लिहा, तुझ्या प्रवेशाच्या कामासकट. ऐन वेळी दिलेली सवलत लहान मुलाला लबाडी वाटते.

एका गोष्टीची मात्र मला मनापासून काळजी वाटते. त्याचे मित्र संध्याकाळी ऑनलाइन खेळात भेटतात, म्हणजे त्याचं मैदान तिथे आहे. ते काढून घेताय, तर मित्रांना घरी बोलवा, रोज एकाला तरी फोन करू द्या. आम्ही हे केलं नाही. शाळा सुरू झाल्यावर आमचा मुलगा कितीतरी दिवस डबा खाताना एकटा बसत होता, आणि ते आम्हाला त्याच्या बहिणीकडून कळलं.

सुट्टी संपल्यावर टॅब परत दिला त्या दिवशी दोघं सहा तास हलली नाहीत. सगळं पाण्यात गेलं असं वाटून मी रात्री रडले. तीन आठवड्यांनी टॅब बघणं आपोआप कमी झालं, पूर्वीइतकं कधीच झालं नाही. तेव्हा तो पहिला दिवस मोजू नकोस.

दहाव्या दिवशी मला लिही, शक्यतो कागदावर. त्या घड्याळाचे सुटे भाग अजून डब्यात आहेत, आकडे लिहिलेल्या त्या वर्तमानपत्रासकट. मुलगा म्हणाला, आता तुझ्या भावाला देऊन टाक. येत्या रविवारी पाठवते. स्क्रू ड्रायव्हर त्यातच आहे. एक चाक कमी आहे, हे त्याला आधी सांगू नकोस.

तुझ्या,
बाई