३२व्या आठवड्यात आलेल्या बाळाच्या आईला

अगं, वजन वाढतंय हे झकास. पण आधी डोळे. पडद्यातल्या रक्तवाहिन्या पोटातच पूर्ण व्हायच्या असतात, त्या अर्ध्यावर राहिल्या की वेड्यावाकड्या वाढू शकतात. जन्मानंतर ३० दिवसांच्या आत आर.ओ.पी. (वेळेआधी जन्मलेल्या बाळांच्या डोळ्याच्या पडद्याचा हाच आजार) तपासणी झालीच पाहिजे. "बाळ बघतंय की छान" असं घरचे म्हणतील, त्यावर जाऊ नकोस.

दुसरी गोष्ट बीपीची. तान्ह्याचं बीपी कशाला, असं सगळेच विचारतात. मोठ्या धमन्यांना लवचिकपणा देणारं इलॅस्टिन गरोदरपणाच्या शेवटच्या आठवड्यांत भराभर साठतं. मूत्रपिंडातल्या गाळण्याही साधारण ३६व्या आठवड्यापर्यंत तयार होत असतात. त्यामुळे अशा मुलांचं बीपी मोठेपणी सरासरी थोडं जास्त दिसतं. सरासरी हं, प्रत्येकाचं नाही. एरवी मुलांचं बीपी तिसऱ्या वर्षापासून बघतात. आपल्यासारख्यांच्या बाळांचं त्याआधीच, डॉक्टरांच्या प्रत्येक भेटीत. पट्टा बाळाच्या दंडाच्या मापाचाच हवा आणि बाळ शांत हवं. रडताना आलेल्या एका आकड्यावर रात्र जागू नकोस.

वर्षाच्या आत मीठ नको. पुढेही भडंग-फरसाण जपूनच; तांबडा रस्सा काय, पळून जात नाही. बाळसं यावं म्हणून कोंबून भरवू नकोस. घरात सिगारेट असेल तर भावोजींना स्पष्ट सांग. तापाला आयबुप्रोफेन मनानं द्यायचं नाही, मूत्रपिंडाला जड जातं.

आणि डिस्चार्ज कार्ड लॅमिनेट करून ठेव. पोरगं विशीत गेलं तरी डॉक्टरांना ते दाखवायचंय.