मडमध्ये नॅनो टाकलं की शेल ढासळायचा थांबतो का?

प्रश्न: सर, माझा भाचा मुंबई हायच्या एका रिगवर मड इंजिनिअर आहे, म्हणजे तेलविहीर खोदताना आत सोडतात तो चिखलासारखा द्रव (मड) सांभाळतो, सुट्टीवर आला की सगळ्या गप्पा मडच्याच. आता म्हणतो सप्लायर लोक नॅनो सिलिका (सिलिकाचे अतिसूक्ष्म कण) घ्या म्हणून मागे लागलेत. खरंच फरक पडतो का की नुसतंच नाव मोठं?
– एक वाचक, उरण

उत्तर: पडतो, पण माझ्या मते मुख्यतः शेलमध्ये, म्हणजे चिकणमातीच्या थरांच्या खडकात, बाकी ठिकाणी जरा जास्तच गाजावाजा चाललाय.

कसंय, वालुकाश्मात मडमधलं पाणी खडकात झिरपतं आणि मागे विहिरीच्या भिंतीवर मडमधल्या बेंटोनाइट मातीचा आणि पॉलिमरचा पातळ थर बसतो, त्याला केक म्हणतात, तो पुढची गळती अडवतो. शेलमध्ये पाणी इतकं हळू शिरतं की केक धड बसतच नाही, पण मडचं प्रेशर आणि पाणी आत सरकत राहतं, मग शेल फुगतो, तडकतो, ढासळतो आणि खोदाईचा पाइप अडकला की सगळ्यांची झोप उडते. शेलची छिद्रं साधारण काही नॅनोमीटरपासून (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) दहा-वीस-तीस नॅनोमीटरपर्यंत आणि मड जड करायला घातलेल्या बॅराइट खनिजाचे कण ७५ मायक्रॉनपर्यंत, म्हणजे ७५,००० नॅनोमीटर! तांदळाच्या चाळणीवर नारळ ठेवून भोकं बुजतील का? २० नॅनोमीटरचा सिलिका कण मात्र त्या छिद्रात जाऊन अडकू शकतो. टेक्सास विद्यापीठात, ऑस्टिनला, २००९च्या आसपास हे शेलच्या नमुन्यांवर करून बघितलं आणि पाणी शिरणं बरंच कमी झालं, फक्त तेव्हा वजनाच्या १० टक्के सिलिका लागली होती. ३०० घनमीटर मड धरलं तर ३० टनांच्या वर गेलं की हो, पुढे प्रमाण कमी करायचे प्रयत्न झाले ते उगाच नाही.

दुसरी अडचण मिठाची. सिलिकाच्या कणांवर ऋण भार असतो म्हणून ते एकमेकांपासून लांब राहतात, खारं पाणी तो भार झाकून टाकतं आणि कण गोळा होऊन परत मोठे होतात. आणि शेल फुगू नये म्हणून मडमध्ये पोटॅशियम क्लोराइड आपणच घालतो, म्हणजे बघा! म्हणून कणांवर कोटिंग करतात, किंमत तिथेच वाढते.

भाच्याला सांगा, सप्लायरने फिल्टर पेपरमधून मडचं पाणी किती गळतं ती टेस्ट दाखवली, १०० पीएसआय दाब, ३० मिनिटं, तर हुरळून जाऊ नकोस. कागदाची छिद्रं मायक्रॉनची असतात, शेलबद्दल त्यातून काहीच कळत नाही. शेलच्या तुकड्यावर प्रेशर किती हळू आत जातं ते दाखवा म्हणावं, तेही रिगवरचंच मड वापरून, विहिरीच्या तापमानाला १६ तास गरम करून झाल्यावर.

प्रश्न: ही पावडर हाताळणाऱ्यांना त्रास होतो का?

उत्तर: कोरडी असेल तर हवेत उडते आणि छातीत जाते, मास्क हवाच. त्यापेक्षा आधीच पाण्यात मिसळलेली घ्यावी, गुठळ्याही कमी होतात.