टायर पॉलिश लावूनही दोन दिवसांत टायर तपकिरी पडतात, मग चांगलं टायर ड्रेसिंग कोणतं?

तुम्ही म्हणता, गाडी धुतल्यावर टायरना पॉलिश मारलं की त्या दिवशी ते झकास दिसतात, पण दोन-तीन दिवसांत तपकिरी पडतात, आणि वर मागच्या दारावर काळे ठिपके उडालेले सापडतात. तर यापेक्षा चांगलं काय घ्यावं?

वॉटर-बेस्ड, म्हणजे पाण्यात बनवलेलं ड्रेसिंग घ्या (ड्रेसिंग म्हणजे टायरला लावायचं पॉलिशच). पण नुसती बाटली बदललीत तर थोड्या दिवसांनी पुन्हा हाच प्रश्न घेऊन बसाल. मी बरीच वर्षं घरच्या गाड्यांचे टायर स्वतःच्या हाताने साफ करतोय. एवढ्या काळात एक गोष्ट पक्की कळली: लावण्याआधी टायर किती स्वच्छ होता, यावर सगळं ठरतं. बाटलीचा नंबर त्यानंतर.

आधी तो तपकिरी रंग समजून घ्या, कारण गफलत तिथेच होते. आपल्याला वाटतं ती धूळ आहे. धूळ असतेच, पण बराचसा रंग टायरच्या पोटातून येतो. रबर मुळात काळं नसतंच. त्याला ताकद यावी आणि उन्हाने ते लवकर खराब होऊ नये म्हणून त्यात कार्बन ब्लॅक मिसळतात, तो काळा रंग त्याचा. पण रबराला उन्हाइतकाच ओझोन वायूही छळतो. हवेत तो अगदी थोडा असतो, तरी ताणलेल्या रबरावर बारीक बारीक भेगा पाडतो. म्हणून टायर बनवतानाच त्यात ओझोनला अडवणारी रसायनं आणि मेण घातलेलं असतं. हे पदार्थ हळूहळू आतून वर येत राहतात, पृष्ठभागावर पातळ थर धरतात आणि रबराऐवजी स्वतः ओझोन झेलतात. ते झेलताना त्या रसायनाचा रंग तपकिरी होतो. याला ब्लूमिंग म्हणतात. म्हणजे तपकिरी पडलेला टायर बिघडलेला नसतो, त्याचं संरक्षण चालू असतं. चालत्या गाडीच्या टायरमध्ये हे पदार्थ वर येत राहतात, कारण टायर सतत दबतो, वाकतो. महिनोन्‌महिने एका जागी उभ्या असलेल्या गाडीच्या टायरना भेगा पडताना दिसतात, त्यामागे हे एक मोठं कारण आहे.

आता या थरावर ब्रेकची धूळ, रस्त्याचा चिकटा आणि मागच्या पाच-सहा वेळच्या पॉलिशचा उरलेला मेणचट थर बसलेला असतो. तुम्ही नवं पॉलिश लावता ते या सगळ्याच्या वर. रबरापर्यंत ते पोचतच नाही. पहिल्या पावसात किंवा पहिल्या लांबच्या फेरीत ते निघून जातं आणि खालचं तपकिरी पुन्हा डोकं वर काढतं. तेव्हा तुमच्या पॉलिशचा दोष कदाचित तुम्हाला वाटतो तेवढा नसेल.

म्हणून पहिल्या वेळी सगळा जोर धुण्यावर लावा. गाडी सावलीत घ्या, टायर गार होऊ द्या. एका वेळी एकच चाक. भरपूर पाणी मारून वरची माती काढा, मग टायर क्लीनर किंवा ऑल पर्पज क्लीनर मारा. किती पातळ करायचा ते बाटलीवर लिहिलेलं असतं, ते पाळा. साधा कार शाम्पू इथे पुरत नाही, तो पत्र्यासाठी मवाळ केलेला असतो आणि जुन्या पॉलिशमधलं सिलिकॉन त्याला दाद देत नाही. रिमवर मारायचे आम्लयुक्त क्लीनर मात्र टायरला लावू नका. मिनिटभर थांबा, पण क्लीनर वाळू देऊ नका. मग ताठ केसांच्या प्लॅस्टिकच्या ब्रशने गोल गोल घासा. तारेचा ब्रश चुकूनही नको.

आणि फेसाकडे बघा. पहिल्या हाताला तो पुराच्या पाण्यासारखा गढूळ तपकिरी येतो, ब्रशच्या केसांतून ओघळतो आणि खाली जमिनीवर डाग पाडतो. धुवा, पुन्हा क्लीनर मारा, पुन्हा घासा. दुसऱ्या हाताला तो फिकट पिवळसर होतो. फेस पांढरा राहिला की थांबायचं. वर्षानुवर्षं पॉलिश खाल्लेल्या टायरला मला चार-चार हात द्यावे लागले आहेत. पुढच्या वेळेपासून एक-दोन हातांत काम होतं. खात्री करायची असेल तर टायर वाळल्यावर पांढरं फडकं दाबून घासा, त्यावर तपकिरी उठलं तर अजून एक हात बाकी आहे. नीट साफ झालेला टायर अजिबात चमकत नाही. तो मंद, राखाडीकडे झुकणारा काळा दिसतो आणि त्यावर अंगठा घासला तर सरकत नाही, अडखळतो, किंचित कुरकुरतो. ती कुरकुर हाताला लागली की ड्रेसिंगची बाटली उघडायची.

एवढं घासून टायरचं संरक्षण निघून जात नाही का, असं मलाही वाटायचं. वरचा थर निघतो, पण साठा रबराच्या आत असतो, तो पुन्हा वर येतो. तरीही दर चार दिवसांनी एवढं रगडायची गरज नाही.

नंतर टायर पूर्ण कोरडा करा. अक्षरांच्या खाचांत आणि रिमला लागून असलेल्या कडेत पाणी दडून बसतं. ते ड्रेसिंगमध्ये मिसळलं की ओघळ आणि पट्टे उठतात. फडक्याने टिपून पंधरा-वीस मिनिटं उघडं ठेवलं तरी पुरतं.

आता निवड. बाजारात जे काही मिळतं, त्याचे ढोबळमानाने दोन प्रकार: वॉटर-बेस्ड आणि सॉल्व्हंट-बेस्ड, म्हणजे पाण्याऐवजी तेल विरघळवणाऱ्या द्रवात बनवलेलं. चमक देणारं सिलिकॉन तेल बहुधा दोन्हींत असतं. फरक असतो तो त्याला वाहून नेणाऱ्या द्रवाचा. सिलिकॉनने टायर खराब होतात असं सर्रास सांगितलं जातं, ते बरोबर नाही. काळजी करायची ती पेट्रोलियमपासून काढलेल्या सॉल्व्हंटची. ते वारंवार लावत राहिलं तर रबरातलं मेण आणि तेल ओढून घेतं आणि टायरची बाजू कोरडी, कडक पडू शकते. वॉटर-बेस्ड द्रव बहुतेक वेळा दुधासारखा पांढरा असतो आणि वास सौम्य असतो. सॉल्व्हंटवालं पारदर्शक, तेलकट आणि उग्र वासाचं असतं, त्यावर ज्वलनशील असल्याची खूण असते. स्प्रेच्या डब्यावरून मात्र अंदाज बांधू नका. डब्यात भरलेला वायूच बहुधा पेट घेणारा असतो, त्यामुळे ती खूण तिथे असतेच.

सॉल्व्हंटवाल्याच्या बाजूने सांगायचं तर त्याची चमक जास्त असते आणि ते पावसाला जास्त टिकतं. वॉटर-बेस्ड साधारण आठवडा-दोन आठवडे राहतं, सतत पाऊस असेल तर त्याहून कमी. तरीही मी वॉटर-बेस्डच वापरतो. हाताला ते चिकट लागत नाही, त्यामुळे धूळही कमी धरतं. शिवाय त्याचा पातळ हात दिला की टायर नव्यासारखा दिसतो, ओला दिसत नाही. ही माझी आवड झाली. ओली चमक हवी असेल तर वॉटर-बेस्डचेच दोन हात द्या. जेल दाट असतं, उडत नाही, सवय नसणाऱ्याला हाताळायला सोपं जातं.

इंजिन ऑइल, डिझेल, रॉकेल किंवा बूट पॉलिश लावायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. खनिज तेलात रबर फुगतं आणि मऊ पडतं. पटत नसेल तर एक साधा रबरबँड चार-पाच दिवस इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवा आणि मग ताणून बघा. ज्या चार टायरवर अख्ख्या घराचा जीव सोपवतो, त्यांना तरी हे करू नये.

लावताना बाटलीतून थेट टायरवर फवारू नका. मी एकदा घाईत फवारलं, वाऱ्याने तुषार रिमच्या आरांतून आत गेले आणि थोडे ब्रेकच्या डिस्कवर बसले. गल्लीतच पहिल्यांदा ब्रेक दाबला तेव्हा गाडी नेहमीसारखी थांबली नाही, पुढे सरकली. वेग नव्हता म्हणून निभावलं. ब्रेक क्लीनरने डिस्क धुवेपर्यंत मी गाडी हलवली नाही. तेव्हापासून ड्रेसिंग आधी स्पंजवर आणि मग टायरवर. नाण्याएवढा थेंब स्पंजवर घ्या आणि टायरच्या बाजूवर पातळ पसरवा. अक्षरांवरून दोन्ही दिशांनी फिरवा, नाहीतर अक्षरांच्या एका बाजूला कोरडी सावली राहते. गाडी अर्धं चाक पुढे घ्या, म्हणजे जमिनीलगतचा भागही हाताला येईल. दहा-पंधरा मिनिटं मुरू द्या आणि मग जुन्या कोरड्या फडक्याने पुसून टाका. हो, आत्ताच लावलेलं पुसायचं. रबराला हवं तेवढं त्याने घेतलेलं असतं, वर राहतं ते फाजील असतं.

तुमच्या दारावरचे ठिपके या फाजील द्रवाचेच आहेत. खाचांत आणि रिमच्या कडेत साचलेलं पॉलिश चाक वेगात फिरलं की बाहेर फेकलं जातं आणि जाताना टायरवरची काळी घाण घेऊन पत्र्यावर बसतं. पुसून काढलं आणि गाडी बाहेर काढण्याआधी तासभर, जमलं तर रात्रभर वाळू दिलं की हा त्रास जवळजवळ संपतो. आत्ता उडालेले ठिपके आधी शाम्पूने धुवा. हटले नाहीत तर डांबर काढायचा रिमूव्हर मऊ फडक्यावर घेऊन हलक्या हाताने पुसा. गाडी रंगवायला द्यायची असेल तर मात्र आसपास सिलिकॉनवालं काही वापरू नका. पत्र्यावर त्याचा अंश राहिला तर नव्या रंगात माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात.

रस्त्याला टेकणाऱ्या भागाला ड्रेसिंग कधीही लावायचं नाही, पकड जाते. आणि दुचाकीच्या टायरला तर कुठेच नाही. वळताना गाडी कलते तेव्हा कडेचाच भाग रस्त्यावर येतो. घरातल्या कुणाला हौस असेल तर त्यांना हे आवर्जून सांगा.

नव्या टायरवर कारखान्यातल्या साच्याचं निसरडं रसायन राहिलेलं असू शकतं, त्यावर ड्रेसिंग नीट धरत नाही. तोही एकदा घासून घ्या.

घासायला बसलाच आहात तर टायर वाचूनही घ्या. डीओटी (DOT) या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. २३१९ असेल तर तो टायर २०१९ च्या २३व्या आठवड्यात बनलाय. ही पूर्ण ओळ कधी कधी टायरच्या गाडीकडच्या बाजूवरच असते. टायरच्या बाजूवर भेगा दिसल्या तर ड्रेसिंगने त्या काळ्या होऊन दिसेनाशा होतात, बुजत नाहीत. म्हणून टायर कोरडा आणि मंद असतानाच बघायचं. भेगा खोल वाटल्या किंवा कुठे फुगा आलेला दिसला तर ड्रेसिंग बाजूला ठेवा आणि टायर आधी जाणकाराला दाखवा.

यानंतर दर धुण्याला फक्त शाम्पू आणि ब्रश पुरे. काळेपणा उतरल्यासारखा वाटला की एक पातळ हात द्यायचा, आणि फेसात पुन्हा तपकिरी यायला लागलं की क्लीनर घ्यायचा. टायरचा स्पंज आणि फडकं बाकीच्या फडक्यांपासून वेगळ्या पिशवीत ठेवा. तेच फडकं चुकून पुढच्या काचेवर फिरलं तर सिलिकॉनचा थर बसतो, आणि पावसात वायपर फिरला की समोरचं सगळं धुरकट दिसतं.