डिमेन्शिया झालेल्या सासूबाईंसाठी केंद्र बघतोय. इमारत चांगली हवी की माणसं?

दोन्ही हवं, पण एकच मिळणार असेल तर माणसं निवडा. ब्रिटनमधल्या 69 नर्सिंग होमचा, म्हणजे वृद्धांच्या निवासी केंद्रांचा अभ्यास झाला. त्यातल्या काही ठिकाणी कर्मचाऱ्यांना व्यक्तिकेंद्री काळजीचं, म्हणजे त्या माणसाची आवड-सवयी बघून काळजी घेण्याचं, प्रशिक्षण दिलं आणि रहिवाशांशी ठरवून गप्पा, उपक्रम सुरू केले. 2018 साली निष्कर्ष आले तेव्हा तिथल्या रहिवाशांची अस्वस्थता कमी झालेली दिसली, जगणंही सुधारलेलं दिसलं. संध्याकाळी आजी "घरी जायचंय, मुलं शाळेतून येतील" म्हणून दाराशी उभ्या राहतात. "तुमची मुलं आता साठीची आहेत" असं ऐकवणारी बाई घोळ वाढवते. "चला, तोवर मेथी निवडू" म्हणणारी सांभाळून नेते. भेट द्यायची तर म्हणूनच पाच-सहाच्या सुमारास जा, सकाळी सगळीच केंद्रं छान दिसतात! रात्री किती जणांमागे एक माणूस असतो आणि माणसं दर दोन महिन्यांनी बदलतात का, हे स्पष्ट विचारा. इमारतीत एवढं बघा:

- चकचकीत फरशी ओली वाटते, काळं पायपुसणं खड्ड्यासारखं दिसतं, म्हणून दोन्ही नकोत
- संडासाचं दार वेगळ्या ठळक रंगाचं, त्यावर चित्र
- टीव्ही दिवसभर मोठ्याने चालू नको

मात्र वागणं एक-दोन दिवसांत अचानक बिघडलं तर जागेला किंवा आयाबाईंना दोष देण्याआधी डॉक्टरांना दाखवा. लघवीतला जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठता किंवा सांगता न येणारं दुखणंही असू शकतं.