सोनोग्राफीत डावी ओव्हरी दिसली नाही, मला मूल होईल का?

होऊ शकतं. माझी उजवी ओव्हरी जन्मापासून नाही आणि माझा पोरगा यंदा दहावीला आहे. मीही यवतमाळ जिल्ह्यातलीच, त्यामुळे रिपोर्ट आल्यावर सासरी सुरू झालेली कुजबुज तुम्ही लिहिली ती चांगलीच ओळखीची आहे.

आधी ओव्हरी खरंच नाही का, ते बघा. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत आतड्यातल्या गॅसमुळे ती झाकली जाते, कधी नेहमीच्या जागेपेक्षा वर असते. आतून केलेल्या सोनोग्राफीत जास्त स्पष्ट दिसतं. तरी शंका राहिली तर एमआरआय, नाहीतर दुर्बीण. माझं दुर्बिणीतच कळलं. डॉक्टरांनी नंतर फोटो दाखवला: डावीकडे बदामाएवढी पांढरट ओव्हरी, उजवीकडची नळी अर्ध्यातच बोथट होऊन संपलेली, पुढे काही नाही.

हे ११,२४० बायकांत एकीला असतं असा आकडा सांगतात. पाळी नियमित, त्रास शून्य, मग कळणार कसं? कधी ओव्हरी मुळात तयारच होत नाही, कधी आईच्या पोटात असताना किंवा लहानपणी पीळ पडून रक्तपुरवठा तुटतो आणि ती विरून जाते. ग्रहण पाळलं नाही वगैरे सोडून द्या, तुमच्या आईचा यात काही दोष नाही. एकच ओव्हरी असली तर बहुधा तीच दर महिन्याला अंडं सोडते, महिनाआड नाही.

किडनीची सोनोग्राफी मात्र नक्की करा. गर्भात हे अवयव शेजारीशेजारी घडतात, म्हणून कधी त्याच बाजूची किडनी नसते किंवा गर्भपिशवी अर्धीच असते. पिशवी अर्धी असेल तर गर्भपाताची, दिवस भरायच्या आधी बाळंत होण्याची भीती जास्त, म्हणून दिवस राहिल्यावर पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगायचं.

आणि उजव्या बाजूला अचानक जोरात दुखून उलट्या झाल्या तर ओवा खाऊन वाट बघू नका. ओव्हरीला पीळ पडलेला असू शकतो, अन् तुमच्याकडे कदाचित ती एकच आहे. वावरात असाल तर तिथूनच दवाखाना गाठा.

नवऱ्याच्या वीर्यतपासणीबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाही. साधी, स्वस्त तपासणी आहे, सुरुवातीलाच व्हायला पाहिजे. आमच्याकडे ती सगळ्यात शेवटी झाली, कारण सासूबाईंचं एकच, "माह्या पोराले काय झालं?"